ओझे एकाचे, खांदे अनेकांचे
(पालक व कुटुंबांसाठी चिंतनपर पाठ)



रविवारची मिस्सा संपते, मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात जातात आणि आपण आईवडील बाहेर ग्रोटोपाशी किंवा झाडाच्या सावलीत उभे राहतो. कोणाच्या मुलाचे गणित कच्चे, कोणाची मुलगी डबा तसाच परत आणते, कोणाला पहिल्या कम्युनियनच्या कपड्यांची काळजी. बोलता बोलता ओळख वाढते. या मंडळाला अध्यक्ष नसतो, सचिव नसतो, नावही नसते. तरी आपली मुले एकत्र वाढतात, म्हणून आपणही एकमेकांचे होतो.

मग एका रविवारी एक जोडपे दिसत नाही. पुढच्याही रविवारी दिसत नाही. कोणीतरी हळूच सांगते, मुलाला मोठा आजार निघाला आहे. किंवा वडिलांची नोकरी गेली आहे. किंवा घरचा कर्ता माणूस अचानक गेला आहे. आपण हळहळतो, 'प्रार्थना करू' म्हणतो, आणि आतून मुले बाहेर आली की त्यांचा हात धरून घरी जातो.

आजच्या पाठात आपण एवढाच प्रश्न विचारात घेऊ या: आपल्यातल्या एका कुटुंबावर संकट आले, तर ख्रिस्ती समूह म्हणून आपण काय करायचे, आणि ते किती दिवस करायचे?

१. चौघे आणि एक छप्पर

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. प्रभू येशू कफर्णहूमला एका घरात होता. दारात पाय ठेवायलाही जागा नव्हती. चौघांनी त्या माणसाला खाटेसकट उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उकरले आणि खाट खाली सोडली.

या गोष्टीत तीन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, खाटेला चार कोपरे असतात. तिघे आले असते तर एक कोपरा खाली लोंबकळला असता. दुसरी, त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. त्यांनी काही भाषण केल्याचीही नोंद नाही. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला, असे संत मार्क लिहितो. म्हणजे आजारी माणसाच्या बरे होण्यात त्याला वाहून आणणाऱ्यांच्या विश्वासाचाही वाटा होता.

ज्या आईचे लेकरू अतिदक्षता विभागात आहे, तिला कधी कधी प्रार्थनाही सुचत नाही. 'माझा विश्वास कमी पडतो का?' असे तिला वाटू लागते. अशा वेळी तिच्या वतीने विश्वास धरून ठेवणे हे आपले काम आहे. तिला चालवत नाही तेव्हा तिची खाट आपण उचलायची.

२. शातियोंचा रविवार

आता ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक खरी घटना पाहू या.

फ्रान्समध्ये लियों शहराच्या उत्तरेला शातियों नावाचे एक लहान गाव आहे. १६१७ साली तेथे एक नवे धर्मगुरू आले. त्यांचे नाव व्हिन्सेंट डी पॉल. वय साधारण छत्तीस वर्षे. त्या वर्षी २० ऑगस्टला रविवार होता. फादर मिस्सासाठी झगा चढवत असताना निरोप आला की, गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत. एकमेकांना पाणी द्यायलाही कोणी उभे राहू शकत नाही. फादरांनी प्रवचनात त्या कुटुंबाची अवस्था लोकांपुढे मांडली.

दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेत त्यांना बायकाच बायका भेटल्या. काही जात होत्या, काही परत येत होत्या. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून काही जणी रस्त्याच्या कडेला विसाव्याला बसल्या होत्या. सारा गाव अन्न घेऊन निघाला होता. जणू मिरवणूकच.

आपण तेथे असतो तर आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या. व्हिन्सेंट यांनाही आनंद झाला, पण ते विचारात पडले. आज या घरात गरजेपेक्षा जास्त अन्न आले आहे. यातले बरेचसे नासून जाईल. आणि परवा? परवा हे लोक पुन्हा उपाशीच असतील. लोकांच्या मनात प्रेम भरपूर होते, फक्त त्या प्रेमाला शिस्त नव्हती.

तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र केले. प्रत्येकीने एकेक दिवस वाटून घ्यायचा असे ठरले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला या मंडळाची रीतसर स्थापना झाली. त्यासाठी व्हिन्सेंट यांनी जी नियमावली लिहिली ती वाचण्यासारखी आहे. ज्या बाईची पाळी असेल तिने स्वतः जेवण शिजवावे. आजाऱ्याला हसतमुखाने अभिवादन करावे. त्याचे हात धुवावेत, प्रार्थना म्हणावी, मांसाचे तुकडे करून द्यावेत, प्रेमाने चार घास जास्त खायला लावावेत. आणि फेरीची सुरुवात कोठून करावी? ज्या आजाऱ्याजवळ कोणीतरी आहे त्याच्यापासून. ज्याला कोणीच नाही त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येते.

नियमावलीतील हे शेवटचे कलम आपण प्रत्येकाने मनात कोरून ठेवावे असे आहे. भुकेल्याला जेवणाइतकीच सोबतही लागते, हे ज्याने ओळखले तोच असे लिहू शकतो.

शातियोंच्या त्या मंडळातून पुढे मोठे कार्य उभे राहिले. १६३३ साली संत लुईझ द मारियाक यांच्यासह व्हिन्सेंट यांनी सेवाभावी भगिनींचा संघ स्थापन केला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह जे सेवाकार्य सुरू केले, तीच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. आज आपल्या अनेक धर्मग्रामांत ती निमूटपणे काम करते. या सर्वांच्या मुळाशी एका रविवारी वाया जाऊ पाहणारे अन्न होते, हे आपण विसरू नये.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातही हेच घडले होते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, तेव्हा प्रेषितांनी सात जणांची नेमणूक केली. तेथेही प्रेम होते, त्याला व्यवस्थेची जोड द्यावी लागली.

३. ईयोबचे मित्र कोठे चुकले?

ईयोबवर संकटे कोसळल्याचे ऐकून त्याचे तीन मित्र दुरून आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. इथपर्यंत ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवशी ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. तुझ्याच हातून काही पाप झाले असेल, असे ते त्याला समजावू लागले. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांवरच रागावतो.

आपणही असे बोलतो. 'गरोदरपणात काळजी घेतली नसेल.' 'आमच्या ओळखीत अगदी असेच झाले होते, ते मूल गेले.' 'देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.' 'ते औषध बंद करा, मी एक पाला सांगतो.' बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्या आईच्या काळजात सुरी फिरते. आपल्याला उत्तर माहीत नसेल तर गप्प बसणे हेही सेवाकार्यच आहे. 'आम्ही आहोत' एवढे दोन शब्द पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट. एखाद्याचे दुःख ही गावभर सांगण्याची बातमी नव्हे. मुलाचा फोटो, तपासण्यांचे कागद, घरातली अडचण, यातले काय सांगायचे आणि कोणाला सांगायचे हे त्या आईवडिलांनीच ठरवावे. मदत गोळा करण्याच्या घाईतही त्यांची लाज आपण राखली पाहिजे.

४. प्रत्यक्ष काय करता येईल?

आपण एक उदाहरण घेऊ या. समजा, आपल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत याचेच प्रमाण सर्वांत जास्त आहे. आज यातून बरी होणारी मुले पुष्कळ आहेत, ही आशेची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. पण त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. म्हणजे दोन-तीन वर्षे रुग्णालयाच्या फेऱ्या. वसईकडून परळला जायचे तर पहाटेची लोकल, आईची रजा, वडिलांचा बुडालेला पगार, आणि घरी राहिलेले दुसरे भावंड.

पहिल्या आठवड्यात सगळे धावतात. फळांच्या पिशव्या येतात, डबे येतात, भेटायला रांग लागते. चौथ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. हाच आपला शातियोंचा रविवार. म्हणून काही गोष्टी ठरवून कराव्यात.

एक, पाळी लावा. आठ कुटुंबे असतील तर प्रत्येकाला आठवड्यातला एकच दिवस किंवा महिन्यातल्या चार वेळा पुरे. डबा, सोबत, धाकट्याला शाळेतून आणणे, वीजबिल भरणे, रेशन आणणे अशी कामे कागदावर मांडा आणि नावे घाला. 'काही लागले तर सांगा' असे म्हटले की कोणी सांगत नाही. 'मंगळवारी संध्याकाळी डबा मी आणते, पथ्याचे काय आहे?' असे विचारले की काम होते.

दोन, रक्तदानाचाही क्रम ठेवा. सगळ्यांनी उत्साहाने एकाच दिवशी रक्त दिले, तर पुन्हा देण्यासाठी पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबावे लागते. प्लेटलेट्स तर काढल्यापासून साधारण पाच दिवसच टिकतात, त्या साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून रक्तगटासह यादी करावी आणि रुग्णालय सांगेल तेव्हा, सांगेल तितक्यांनीच जावे.

तीन, भेटीला जाताना विचारून जा. अशा उपचारांत मुलाची प्रतिकारशक्ती खालावते. आपली साधी सर्दीही त्याला महागात पडू शकते. अंगात कणकण असेल तर दाराबाहेरून डबा देऊन परतणे हेच प्रेम.

चार, माहिती मिळवून द्या. घाबरलेल्या आईवडिलांना कागदपत्रांमागे पळण्याचे त्राण नसते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. आपल्यातला एखादा बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम करणारा पालक हे काम सहज अंगावर घेऊ शकतो.

पाच, पैशांचा हिशोब स्वच्छ ठेवा. दोघांनी मिळून पैसे सांभाळावेत, वहीत नोंद करावी आणि हिशोब त्या कुटुंबाला व धर्मगुरूंना दाखवावा. कोणी किती दिले हे जाहीर करू नये. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये, ही प्रभूचीच शिकवण आहे.

सहा, भावंडाला विसरू नका. घरात एक मूल आजारी पडले की दुसरे मूल एकदम मोठे होते. ते काही मागत नाही, हट्ट करत नाही. त्याला आपल्या मुलांबरोबर सहलीला न्या, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवा, त्याचा अभ्यास घ्या.

५. ज्या संकटाला कोणी धावत नाही

आता जरा अवघड जागी हात घालू या. आजारी मुलासाठी सर्वांचे मन द्रवते. पण ज्याचा नवरा दारू पितो, तिच्या दारात डबा घेऊन कोण जाते? जो बाप कर्जात बुडाला आहे, ज्याचा मुलगा वाईट संगतीला लागला आहे, जिला नवऱ्याने टाकले आहे, त्यांच्यासाठी पाळी कोण लावतो? तेथे आपण म्हणतो, 'केले ते भोगतील.'

ज्याचे मूल जन्मतः मतिमंद आहे किंवा स्वमग्न आहे, त्या आईचे दुःख तर दोन-तीन वर्षांत संपणारे नाही. ते रोजचेच असते, म्हणून आपल्याला ते दिसेनासे होते. मिस्सामध्ये ते मूल ओरडले की आपण माना वळवून पाहतो. पुढच्या रविवारी ती आई मागे उभी राहते. त्याच्या पुढच्या रविवारी ती येतच नाही. तिला घालवणारा कोणी एक नसतो, आपण सगळे मिळून नुसत्या नजरेने तिला घालवतो.

भल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या माणसाला 'तू या वाटेने एकटा का आलास?' असे विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले आणि सराईत नेले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात या दाखल्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. शोमरोन्यालाही सराईवाल्याची मदत घ्यावी लागली, याकडे तेथे त्यांनी आपले लक्ष वेधले आहे. एकट्याने सर्व काही करणे कोणालाच शक्य नाही. तसेच, शोमरोनी सराईवाल्याला पैसे देऊन सुटला नाही. 'परत येईन' असे सांगून गेला. परत येणे हीच मदतीची खरी कसोटी.

६. घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

हा पाठ वाचणाऱ्यांत आज स्वतः संकटात असलेले पालकही असतील. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, मदत घेण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे 'हात पसरणे' हा शब्दच इतका बोचरा आहे की, माणसे उपाशी राहतील पण बोलणार नाहीत. पण पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपण दर रविवारी हात पुढे करतोच ना? देवापुढे आपण सारेच घेणारे आहोत. स्वतः प्रभूनेही क्रूस वाहताना शिमोन कुरेनेकराचा खांदा घेतला.

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी जवळ जवळ सांगतात. एकमेकांची ओझी उचलावीत, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. वरवर पाहता हे उलटसुलट वाटते. पण मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन वेगळे शब्द आहेत. एक, माणसाला दाबून टाकणारे वजन. दुसरा, प्रवाशाने आपल्या पाठीवर घ्यायचे गाठोडे. आपले रोजचे गाठोडे आपणच न्यायचे. पण कोणावर दरड कोसळली, तर ती एकट्याने हलत नाही. तेथे सर्वांनी हात लावावा लागतो.

मदत करणाऱ्यांनीही एक जपावे. त्या कुटुंबाला नुसते घेणारे करून ठेवू नये. आजारी मुलाच्या वडिलांना वाचन करायला बोलवा, आईला गायनवृंदात तिची जागा राखून ठेवा. ते आपले 'प्रकरण' नाहीत, ते आपलेच आहेत.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील किंवा वाडीतील कोणते कुटुंब गेल्या काही महिन्यांत दिसेनासे झाले आहे? आपण त्यांची चौकशी केली का?
२. आपल्यावर संकट आले तेव्हा कोणाच्या कोणत्या कृतीने धीर आला? कोणाच्या कोणत्या बोलण्याने दुखावलो?
३. ज्यांचे संकट त्यांच्याच चुकीने आले असे आपल्याला वाटते, त्यांच्याशी आपण कसे वागतो?
४. आपल्या धर्मग्रामात कोणाकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे जास्त वेळ बसता येईल?

या आठवड्याचा संकल्प

प्रत्येक पालक-समूहाने एक वही करावी. पहिल्या पानावर रक्तगटांची यादी, दुसऱ्या पानावर कोण कोणते काम करू शकेल याची नोंद. संकट येण्याआधी ही वही तयार असावी. आणि या आठवड्यात प्रत्येकाने एका विसरलेल्या घराचे दार वाजवावे, रिकाम्या हाताने गेले तरी चालेल.

प्रार्थना

हे प्रभू येशू, छपरातून खाली सोडलेल्या त्या खाटेकडे तू मायेने पाहिलेस. आमच्यात जो आज उठू शकत नाही, त्याच्या खाटेचा एक कोपरा आमच्या हाती दे. आमच्या जिभेला आवर घाल, आमच्या पायांना चालते कर. पहिल्या दिवसाचा आमचा उत्साह चौथ्या महिन्यातही टिकू दे. आणि आमच्यावर पाळी येईल तेव्हा, न लाजता दुसऱ्याच्या खांद्यावर टेकण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.